घरच्या माणसासाठी लॅपटॉप घेताय? बर्डीवर जाण्याआधीची आणि नंतरची कामं, क्रमानं

घरात लॅपटॉप घ्यायचा ठरला की "तुला त्यातलं कळतं" म्हणून एकाच्या गळ्यात काम पडतं. तो ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला घेऊन संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जातो, दोन-तीन दुकानं पालथी घालतो. दुकानातला पोरगा म्हणतो, "दादा, सध्या सगळे हाच घेऊन राहिले," आणि तासाभरात डबा घरी. आठवड्यानं कळतं की आत्याला टॅलीसाठी (हिशेबाचं सॉफ्टवेअर) लागणारा नंबर पॅड कीबोर्डवर नाहीच, किंवा रॅम (चालू कामं धरून ठेवणारी मेमरी) पुढे वाढवता येणार नाही, किंवा वडिलांच्या लॅपटॉपचं खातं दुकानदाराच्या ईमेलवर उघडलंय. यातलं बहुतेक क्रम उलटा लावल्यानं होतं: आधी दुकान, मग भाव, मग मॉडेल आणि सगळ्यात शेवटी ज्याच्यासाठी घेतला तो माणूस. खालचे टप्पे याच कारणासाठी क्रमानं दिले आहेत. मधला गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १ : ज्याला लॅपटॉप हवाय, त्याच्याजवळ बसा

"कशासाठी हवाय?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "काही विशेष नाही, साधंच काम आहे." या उत्तरावरून काहीही निवडता येत नाही. त्याऐवजी तो माणूस आत्ता ज्यावर काम करतो, मग तो जुना कॉम्प्युटर असो की मोबाईल, त्याच्या बाजूला बसून पाहा. एकावेळी किती गोष्टी उघड्या असतात? अक्षरं वाचताना डोळे बारीक होतात का? काम टेबलावर होतं की दिवाणावर पाय पसरून? मशीन घरातच राहणार की रोज पाठीवर जाणार?

लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो आणि तिथून हिंगणा रोडवरच्या कॉलेजपर्यंत ऑटो, असा रोजचा प्रवास असलेल्या भाचीला अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला, तर दोन महिन्यांत तो होस्टेलच्या किंवा घरच्या टेबलावर कायमचा बसतो. उलट निवृत्त वडिलांना १३ इंचाचा नाजूक, हलका लॅपटॉप दिला तर ते पेन्शनचं स्टेटमेंट वाचायला पुन्हा चष्मा शोधतात. दोन्ही मशीन चांगलीच असतात, माणसं चुकीची असतात.

एका कागदावर त्यांच्याच शब्दांत पाच-सहा कामं लिहून घ्या. तुमच्या मते त्यांनी काय करायला हवं, ते या कागदावर येऊ देऊ नका.

तपासा: कागद त्यांना वाचून दाखवा. "आणि हो, ते राहिलंच..." असं एक तरी वाक्य येतं. बहुतेक वेळा तेच सगळ्यात महत्त्वाचं काम असतं.

टप्पा २ : सॉफ्टवेअर आणि जोडायच्या वस्तू

प्रत्येक कामासमोर ते ज्या सॉफ्टवेअरवर होतं त्याचं नाव आणि लॅपटॉपला जोडावी लागणारी वस्तू लिहा. मशीनचा प्रकार इथे ठरतो, दुकानात नाही.

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला डिझाइनचं सॉलिडवर्क्स लागणार असेल तर विंडोजच घ्या, ते मॅकसाठी, म्हणजे ॲपलच्या लॅपटॉपसाठी, निघतच नाही. ड्रॉइंगचं ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण त्यात विंडोजच्या आवृत्तीतल्या सगळ्या सोयी नाहीत. टॅलीलाही विंडोज लागतं. क्रोमबुकवर विंडोज नसतं, ते स्वस्त दिसलं म्हणून हिशेबाच्या माणसाला देऊ नका.

आता वकील वहिनींचा विचार करा. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात किंवा जिल्हा न्यायालयात ई-फायलिंग म्हणजे शेकडो पानांच्या पीडीएफ, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. हे टोकन जुन्या चौकोनी यूएसबीत बसतं आणि पातळ लॅपटॉपला आता बऱ्याचदा फक्त टाइप-सी असतं. ॲडाप्टरनं काम भागतं, पण तारखेच्या दिवशी तोच घरी राहतो. जीएसटीचं रिटर्न किंवा ई-टेंडर भरणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

सावध: स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम असतात, पण ते एआरएम या वेगळ्या रचनेचे आहेत. नेहमीची बरीच सॉफ्टवेअर त्यांवर चालतात. मात्र जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) एआरएमसाठी बनलेला नसेल तर ते उपकरण चालत नाही, आणि त्यावर दुकानदाराकडेही उपाय नसतो. घरात अशी जुनी उपकरणं असतील तर इंटेल किंवा एएमडीचाच प्रोसेसर पाहा.

मराठी टायपिंगचंही इथेच विचारा. युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) लिहिणाऱ्याला विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही मराठी कीबोर्ड फुकट मिळतात. जुन्या फाइल्स कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील तर ते फॉन्ट नव्या मशीनवर टाकावे लागतील. श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीत लावायची किल्ली) असेल तर त्यालाही चौकोनी यूएसबी हवं.

टप्पा ३ : बजेट ठरवा, पण वरखर्च आधी वजा करा

"पन्नास हजारांपर्यंत" हा आकडा घेऊन दुकानात गेलात तर पन्नास हजारांचाच लॅपटॉप दाखवतात. मग बॅग, माऊस, स्टँड, बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क आणि वाढीव वॉरंटी यांना पैसे उरत नाहीत. साधारण दहावा हिस्सा आधीच बाजूला काढा आणि दुकानात उरलेलाच आकडा सांगा.

"नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे अगदी शून्य खर्च नव्हे. व्याजाइतकी सूट दिली तरी त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि बँकेची प्रोसेसिंग फीसुद्धा असू शकते. रक्कम फार मोठी नसते, पण रोख सूट सोडून ईएमआय घेण्याआधी दोन्ही बेरजा मांडून पाहा.

टप्पा ४ : कागदावरचे आकडे वाचायला शिका

जास्त वेळ इथेच द्या. हे घरी बसून करायचं काम आहे. दुकानाच्या झगमगाटात आणि पाठीमागे उभ्या गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते होत नाही.

प्रोसेसर. "आय५ आहे" एवढ्यावर हुरळून जाऊ नका. पुढचा आकडा वाचा. आय५-१३३५यू यात सुरुवातीचे १३ म्हणजे तेरावी पिढी आणि शेवटचं यू म्हणजे कमी वीज खाणारा. एच असेल तर ताकद जास्त, उष्णताही जास्त आणि बॅटरी लवकर उतरते. अलीकडच्या इंटेलवर "आय" अक्षरच नसतं, "कोअर ५" किंवा "कोअर अल्ट्रा ५" असं लिहिलेलं असतं. ही दोन वेगळी कुळं आहेत, दुकानात ती एकाच दमात सांगितली जातात.

एएमडीच्या ७००० मालिकेत खरी गंमत आहे. तिथे तिसरा अंक पाहायचा असतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू वाचायला जुळे भाऊ वाटतात. पण पहिल्यातला २ म्हणजे झेन २ ही रचना, जी २०१९ मध्ये बाजारात आली. दुसऱ्यातला ३ म्हणजे झेन ३. म्हणजे "रायझन ५, सात हजार सिरीज" असं तोंडी सांगून सात-आठ वर्षं जुन्या रचनेचं मशीन सहज विकता येतं, आणि त्यात कोणी खोटंही बोललेलं नसतं. पूर्ण क्रमांक लिहून मागा.

पत्रं, ईमेल, बँकेची कामं आणि व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर बाराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय३ पुरून उरतो. सेलेरॉन आणि जुने पेंटियम हे इंटेलचे हळू प्रोसेसर मात्र "वडिलांना काय, चालतंय की" म्हणून घेऊ नका. वयस्कर माणसाला मशीन हळू चाललं की वाटतं आपलंच काही चुकलं, आणि तो वापरणंच सोडून देतो.

रॅम. आज ८ जीबी म्हणजे किमान आणि १६ जीबी म्हणजे निवांत. आकड्याहून मोठा प्रश्न असा की ती वाढवता येते का. माहितीपत्रकात "एलपीडीडीआर" दिसलं तर रॅम बहुधा मदरबोर्डलाच सोल्डर केलेली आहे, पुढे काहीही होणार नाही. नुसतं डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर स्लॉट असण्याची शक्यता आहे, पण विचारून खात्री करा. "आत्ता ८ घेऊ, पुढच्या वर्षी वाढवू" या हिशेबातही एक गोम आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले, त्यामुळे नंतर स्वस्तात वाढवण्याचा बेत फसू शकतो. स्लॉट नसेल तर १६ जीबीच घ्या. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आणावा लागला तरी माझं मत तेच राहील.

स्टोरेज. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क) बघा. विंडोजमध्ये ती ४७६ जीबीच्या आसपास दिसते. मोजण्याच्या पद्धतीतला तो फरक आहे, कोणी फसवलेलं नाही. "ईएमएमसी" (हळू चालणारं स्टोरेज) लिहिलं असेल तर भाव कितीही कमी असला तरी पुढे चला.

स्क्रीन. १९२० × १०८० किंवा १९२० × १२०० आणि आयपीएस पॅनल. उजेड "निट्स"मध्ये लिहितात. २५० निट्सची स्क्रीन घरात ठीक चालते, पण आपल्याकडच्या भर दुपारी खिडकीजवळ बसलं की तीत स्वतःचाच चेहरा दिसतो. ३०० किंवा जास्त मिळत असेल तर घ्या. "४५ टक्के एनटीएससी" म्हणजे रंग फिकट. हिशेबाला चालेल, फोटो आणि डिझाइनच्या कामाला नाही.

बॅटरी. "दहा तास चालते" हे वाक्य सोडून द्या आणि वॉट-अवरचा आकडा पाहा. चाळिशीतला असेल तर चार्जर सोबत न्यायचाच. ५५-६० च्या पुढे असेल तर कॉलेजचा दिवस बहुधा निघतो.

"एआय पीसी"च्या स्टिकरसाठी घरच्या साध्या कामाला जादा पैसे मोजू नका. बजेटात आपसूक आलं तर असू द्या.

तपासा: या टप्प्याच्या शेवटी हातात दोन किंवा तीन मॉडेलची पूर्ण नावं हवीत, क्रमांकासकट. एकच मॉडेल ठरवून गेलात आणि ते संपलेलं असलं, तर दुकानदार दाखवेल ते घेऊन याल.

टप्पा ५ : दुकानात हात लावून पाहा

आता बर्डी, धरमपेठ, सदर, जिथं जायचं तिथं जा. पण ज्याचा लॅपटॉप आहे त्याला सोबत घ्या आणि दुकानात त्यालाच खुर्चीत बसवा. तुम्ही मागे उभे राहा.

नोटपॅड उघडून त्याला दहा ओळी टाइप करायला सांगा. नाव, पत्ता, काहीही. एंटर आणि बाण असलेली बटणं जागेवर सापडतात का? हिशेबाचं काम असेल तर उजवीकडे नंबर पॅड हवाच, आणि तो बहुधा १५.६ किंवा १६ इंचाच्या मॉडेललाच असतो. कीबोर्डला मागून उजेड आहे का? रात्री अभ्यास करणाऱ्याला त्याचा मोठा फरक पडतो.

मग झाकण एका हातानं उघडून बंद करा, स्क्रीन थोडी मागे झुकवून बघा, बिजागरी कुरकुरते का ऐका. लॅपटॉप उलटा करून हवेच्या जाळ्या कुठे आहेत ते पाहा. सगळ्या तळाशीच असतील आणि वापर दिवाणावर गादीवर होणार असेल, तर स्टँड यादीत आणा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की रॅम किती, किती स्लॉट भरले आणि "फॉर्म फॅक्टर" काय ते दिसतं. तिथे "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम सोल्डर केलेली, "सोडिम" असेल तर काढता-घालता येणारी. दुकानदाराशी वाद घालत बसण्यापेक्षा हे अर्ध्या मिनिटात होतं.

सावध: डेमो मशीन आणि डब्यातलं मशीन एकाच नावाचं असलं तरी आतली रॅम, स्क्रीन किंवा प्रोसेसर वेगळा असू शकतो. डब्यावरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक तुमच्या कागदाशी जुळवा.

टप्पा ६ : बिल आणि वॉरंटी

"बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो" हे वाक्य कानावर येईल. नाही म्हणा. बिल नसेल तर वॉरंटीची तारीख सिद्ध करता येत नाही आणि ग्राहक म्हणून तक्रारीलाही आधार उरत नाही. बिलावर अनुक्रमांक छापलेला हवा. नाव ज्याचा लॅपटॉप आहे त्याचं टाका. घरच्या व्यवसायासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांक आधीच द्या, बिल निघाल्यावर तो घालायला सांगितलं की सगळ्यांचीच चिडचिड होते.

वॉरंटी ऑनसाइट आहे की सेंटरवर नेऊन द्यायची, हे विचारा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवर शोधा. दुकानदाराच्या "आहे ना, इथेच मागे"वर थांबू नका. पडणं, पाणी सांडणं हे साध्या वॉरंटीत येत नाही. होस्टेलला जाणाऱ्या मुलांसाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घेणं मला पटतं. घरी टेबलावरच राहणाऱ्या मशीनला ते फारसं लागत नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर पैसे परत मिळणार की फक्त बदलून, हे ऑर्डरआधी वाचा. लॅपटॉपवर बहुधा बदलूनच मिळतं, आणि त्याआधी कंपनीचा माणूस येऊन तपासतो.

जुना, कंपन्यांतून निघालेला लॅपटॉप घ्यायचा असेल तर एवढं बघा: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची (त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला), बायॉसला (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, आणि सेटअप करताना कुठल्या कंपनीच्या नावाची लॉगिन स्क्रीन येत नाही ना.

टप्पा ७ : डबा उघडणं

सील फोडण्याच्या आधीपासून मोबाईलवर व्हिडिओ सुरू ठेवा, मध्ये थांबवू नका. डब्यावरचा, लॅपटॉपच्या तळाचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच आहे ना, तो पाहा. कंपनीच्या साइटवर तो टाकून वॉरंटी कधी संपते ते बघा. कधी कधी मशीन कारखान्यातून निघालं त्या दिवसापासून वॉरंटी मोजलेली दिसते. बिल पाठवून ती तारीख दुरुस्त करून घेता येते, पण हे पहिल्या आठवड्यात करा. वर्ष संपत आल्यावर जुनं बिल शोधण्यात दिवस जातात.

पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून मेलेला ठिपका आहे का बघा. कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, प्रत्येक यूएसबी, वायफाय, सगळं त्याच दिवशी वापरून टाका.

टप्पा ८ : पहिलं खातं कोणाचं?

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते आणि ती आपल्याच सोयीपोटी होते. दुकानदार म्हणतो, "मीच चालू करून देतो," आणि त्याच्या किंवा दुकानातल्या पोराच्या ईमेलनं विंडोज सुरू होतं. किंवा मदत करणारा भाचा घाईत स्वतःचं खातं टाकतो.

याचे दोन परिणाम होतात. लॅपटॉपसोबत आलेलं कायमचं ऑफिस (डब्यावर "ऑफिस होम २०२४" असं काही लिहिलेलं असतं) ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सुरू केलं त्यालाच कायमचं जोडलं जातं. दुसरं याहून वाईट. आजकाल विंडोज डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात ठेवतं. आमच्या नात्यातल्या एका काकूंच्या लॅपटॉपचा बोर्ड दुरुस्तीला गेला. परत आल्यावर निळ्या पडद्यावर ती ४८ अंकी किल्ली मागितली. खातं दुकानातल्या मुलाचं, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. मुलीच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर होते, ते गेले.

म्हणून सेटअप घरी, त्या माणसाच्या हातानं, त्याच्या ईमेलनं आणि त्याच्याच मोबाईल नंबरनं. पासवर्ड त्याला डायरीत लिहू द्या. तुमचा नंबर फक्त पर्यायी संपर्क म्हणून घाला. सेटअप झाल्यावर त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन "बिटलॉकर रिकव्हरी की", म्हणजे तीच ४८ अंकी किल्ली, दिसते का बघा, आणि दिसत असेल तर कागदावर छापून वॉरंटीच्या बिलासोबत ठेवा.

स्वस्त मॉडेलवर "एस मोड" असू शकतो. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स चालतात, टॅली चालत नाही. सेटिंगमधून तो फुकट बंद करता येतो, मात्र पुन्हा चालू होत नाही, आणि चालू करायची गरजही पडत नाही.

मग मराठी कीबोर्ड घाला आणि विंडोजचं बटण दाबून ठेवून स्पेसबार दाबला की भाषा बदलते, हे दोन-तीनदा करून दाखवा. अक्षरं मोठी करा. डेस्कटॉपवर त्यांना लागतात तेवढेच चार-पाच आयकॉन ठेवा. कंपनीनं भरलेली फुकट अँटीव्हायरसची चाचणी आवृत्ती काढून टाका, नाहीतर महिनाभरानं "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" म्हणून लाल खिडकी येते आणि रात्री तुम्हाला फोन.

टप्पा ९ : उन्हाळा, कुलर आणि प्लग

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालावेत असे बनवलेले असतात. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या घरात जातो. उन्हात उभ्या कारमध्ये किंवा स्कूटरच्या डिकीत लॅपटॉप अजिबात ठेवायचा नाही, दहा मिनिटांसाठीही नाही. कुलर असलेल्या खोलीत वापरायला हरकत नाही, पण त्याच्या थेट झोतात टेबल लावू नका. ती हवा दमट असते आणि कधी बारीक तुषारही घेऊन येते. दुपारी जड काम चालू असताना पंखा घोंघावला तर घाबरायचं कारण नाही, जाळ्या मोकळ्या आहेत ना तेवढं बघा.

चार्जरची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसून वापरली की धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवताच मुंग्या येतात. अर्थिंग न मिळाल्याची ती खूण आहे. जुन्या वायरिंगच्या घरात आधी इलेक्ट्रिशियनकडून तो एक पॉइंट तपासून घ्या.

पहिल्या काही दिवसांतच टप्पा १ चा कागद समोर ठेवून प्रत्येक काम एकदा करून घ्या: प्रिंट काढणं, टोकननं सही करणं, टॅलीचा जुना डेटा उघडणं. अडलं तर बदलून मागण्याची मुदत या दिवसांतच असते. दुकान किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जुना लॅपटॉप मात्र हे सगळं सुरळीत झाल्याशिवाय एक्सचेंजमध्ये देऊ नका, आणि देताना डेटाची प्रत घेऊन त्यावरून खातं काढून, मशीन रीसेट करूनच द्या.